प्लांटला जाता येत नाही, तरी अंतर्गत ऑडिट खरं कसं करायचं? (पुणे–पंतनगर)

तुळशीबाग_ते_भोसरी | सोमवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी,

भोसरी एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी क्वालिटी सिस्टिम बघते. आमचा दुसरा प्लांट उत्तराखंडात पंतनगरला आहे. टाटा आणि बजाज तिकडे गेल्यावर पुण्यातले जे वेंडर पाठोपाठ गेले, त्यातलेच आम्ही. तिथे शाफ्टचं मशिनिंग, इंडक्शन हार्डनिंग (विजेने तापवून, झटक्यात थंड करून पृष्ठभाग कडक करणं), ग्राइंडिंग आणि पॅकिंग होतं. वर्षातून दोनदा मी स्वतः जाऊन अंतर्गत ऑडिट करते. या वेळी नाशिक फाट्याजवळ पावसात गाडी घसरली आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. सहा आठवडे प्रवास बंद. दुसरी ऑडिटर बाळंतपणाच्या रजेवर आहे. तिसरा गेल्या वर्षापर्यंत त्याच प्लांटचं हार्डनिंग सांभाळायचा, त्याला स्वतःच्याच कामाचं ऑडिट कसं देणार? आणि सर्टिफिकेशनवाले दोन महिन्यांत येतायत.

वरून निरोप आलाय: चेकलिस्ट मेल करा, ते भरून पाठवतील, तुम्ही सही करा. मला ते करायचं नाही.

२०२० च्या टाळेबंदीत आम्ही व्हिडिओ कॉलवर ऑडिट केलं होतं. प्लांट हेड स्वतः फोन धरून फिरले. नवीन घर घेतल्यावर पाहुण्यांना दाखवतात तसा त्यांनी मला प्लांट दाखवला. पिवळ्या पट्ट्या, नवे बोर्ड, गेजचा (मापाच्या साधनांचा) चकचकीत रॅक. क्वेंच टँकपाशी, म्हणजे तापवलेला शाफ्ट थंड करायच्या टाकीपाशी, फोन फार तर तीन सेकंद थांबला असेल. मी एकही एनसी (त्रुटीची नोंद) टाकली नाही. त्यानंतर तीन महिन्यांत गिऱ्हाइकाकडून तक्रार आली, शाफ्ट मऊ लागतायत. अख्खा लॉट परत आला. त्या रिपोर्टवर माझी सही आहे आणि ते मी विसरलेले नाही.

तर विचारायचं हे आहे: स्टँडर्डला असं दुरून, व्हिडिओवर केलेलं ऑडिट चालतं का, आणि चालत असेल तर ते ऑडिट म्हणण्यासारखं व्हावं यासाठी तुम्ही काय करता?

---

निवृत्त_क्यूए | सोमवार, रात्री १०.२५

ताई, आधी पाय सांभाळा. सहा आठवडे म्हणजे सहा आठवडे, पाचव्यात उठून फिरू नका.

चालतं. आयएसओ ९००१:२०१५ या गुणवत्तेच्या स्टँडर्डचं कलम ९.२ ऑडिटरने कुठे उभं राहावं ते सांगत नाही. ठरलेल्या कालावधीने ऑडिट करा, ऑडिटर निःपक्षपाती ठेवा, निष्कर्ष संबंधित व्यवस्थापनाला कळवा, विनाविलंब सुधारणा करा आणि पुरावा ठेवा, एवढं ते मागतं. तिसऱ्या माणसाला तुम्ही बाजूला ठेवलंत ते बरोबरच केलंत. ऑडिट कसं करावं याचं मार्गदर्शन आयएसओ १९०११:२०१८ मध्ये आहे. त्याच्या परिशिष्टात जागेवरचं आणि दुरून केलेलं अशा दोन्ही पद्धती शेजारी शेजारी मांडल्या आहेत, माणसांशी बोलून करायच्या वेगळ्या आणि न बोलता करायच्या वेगळ्या. आधी तांत्रिक चाचणी घ्या, कॉल तुटला तर काय करायचं ते ठरवून ठेवा, स्क्रीनचा फोटो परवानगीशिवाय घेऊ नका, मध्यंतरात माइक आणि कॅमेरा बंद करा, इतकं बारीक त्यात लिहिलेलं आहे.

मात्र तुम्ही आयएटीएफ १६९४९ वाले, म्हणजे वाहन उद्योगाच्या वेगळ्या स्टँडर्डवाले आहात. तिथलं कलम ९.२.२.३ उघडून बघा. उत्पादन प्रक्रियेचं ऑडिट ती प्रक्रिया ज्या ज्या पाळीत चालते त्या सगळ्या पाळ्यांत झालं पाहिजे, आणि पाळी बदलतानाचाही नमुना घेतला पाहिजे. खरं सांगा, पंतनगरला प्रत्यक्ष जात होतात तेव्हा रात्रीची पाळी किती वेळा बघितलीत? मी नोकरीत असताना रात्रपाळीचं ऑडिट म्हणजे संध्याकाळी सात वाजता एक चक्कर असायची. घरी बसून रात्री साडेदहाचा कॉल लावणं त्याहून सोपं आहे.

सर्टिफिकेशनवाल्यांचे नियम वेगळे असतात. त्यांना दुरून काय चालतं ते त्यांनाच विचारा, इथल्या उत्तरांवरून ठरवू नका.

---

चाकण_शटल | मंगळवार, सकाळी ७.५०

मी सप्लायर क्वालिटीत आहे. तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमध्ये रोज दोन तास जातात, तेव्हा लांबचे सप्लायर आम्ही आलटून पालटून व्हिडिओवर घेतो. अनुभवाचं सांगतो.

पत्र्याच्या शेडमध्ये नेटवर्क मरतं. आदल्या दिवशी कुणाला तरी फोन घेऊन पूर्ण मार्गावर चालायला लावा, कुठे चित्र गोठतं ते ले-आउटवर खुणा करून घ्या. तिथल्या तिथे शूट करून लगेच पाठवायचं, असं त्या जागांपुरतं ठरवा. दोन फोन, दोन वेगळ्या कंपन्यांची सिम. इअरफोन वायरचा, माइक तोंडाजवळ. ब्लूटूथवर प्रेसचा आवाजच ऐकू येतो, माणूस नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. फोन त्या विभागाच्या माणसाच्या हातात देऊ नका. त्याच्या मनात खोट असते असं नाही. रोजच्या सवयीने त्याचे पाय गळक्या मशिनला वळसा घालूनच पुढे जातात. स्टोअरमधला किंवा एचआरमधला माणूस घ्या. त्याला काही माहीत नसतं, त्यामुळे तुम्ही सांगाल तिकडेच कॅमेरा वळवतो. "डावीकडे. अजून डावीकडे. त्या बिनच्या खाली काय आहे? वाका. उचला." तुमच्या २०२० च्या गोष्टीत कॅमेरा कुठे न्यायचा हे त्यांनी ठरवलं. ते तुम्ही ठरवायचं.

---

हात_काळे | मंगळवार, दुपारी १.१५

मी वेगळं बोलतो, राग मानू नका.

तेवीस वर्षं मशिन शॉपमध्ये काढली. शाफ्टच्या खांद्यावरून नख फिरवलं की बर (कडेला राहिलेली धातूची खरखरीत धार) कळतो. कूलंट सडलं की शॉपमध्ये पाऊल टाकताच वास येतो, रजिस्टरमध्ये पीएच काही का लिहिलेला असेना. स्पिंडलचं बेअरिंग जायला आलं की आवाज बदलतो, आणि फोनचा माइक नेमका तोच आवाज गाळून टाकतो, कारण त्याच्या लेखी तो गोंगाट. ऑपरेटरला प्रश्न विचारल्यावर तो आधी सुपरवायझरकडे बघतो की तुमच्याकडे, हे तुम्हाला पाच इंचाच्या पडद्यावर दिसणार आहे का?

माझं मत, ऑडिट पुढे ढकला. कारण लिहा, प्लॅन सुधारा, पाय बरा झाला की जा. अर्धवट बघून सही करण्यापेक्षा उशीर परवडला.

---

तुळशीबाग_ते_भोसरी | मंगळवार, रात्री ८.३०

@हात_काळे, राग कसला, तुम्ही म्हणता ती माझीच भीती आहे. पण ढकलायचं कारण फक्त माझा पाय आहे, प्लांटमधल्या धोक्याला माझ्या पायाचं काय? गेल्या महिन्यात तिथे एमपीआयमध्ये (चुंबकाने क्रॅक शोधायच्या तपासणीत) क्रॅकचं रिजेक्शन वाढलंय. कारणाच्या रकान्यात नुसतं "मटेरियल" लिहून सोडलंय. सहा आठवडे थांबायला मन धजत नाही.

@निवृत्त_क्यूए काका, रात्रपाळीचं तुम्ही बरोबर पकडलंत. एकदाच बघितली आहे.

---

प्रयोगशाळेतली | मंगळवार, रात्री १०.०५

मी एका कॅलिब्रेशन लॅबमध्ये आहे. आमच्याकडे लॅबसाठीचं आयएसओ/आयईसी १७०२५ स्टँडर्ड असतं, त्यात कलम ८.८ अंतर्गत ऑडिटचं. दोन शाखांची ऑडिटं आम्ही बरीच वर्षं दुरून करतोय. माझ्या तीन सवयी सांगते.

कागद आठवडाभर आधी मागवायचे, पण निवड आपली. "नमुन्यादाखल पाठवा" म्हटलं की सुवासिनीच्या ओटीसारखं सजवून येतं. गेल्या सहा महिन्यांतले हे हे चार दिवस, या मशिनची सगळी पानं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत स्कॅन, असं नेमकं मागा. मग वही घेऊन बसा आणि कॅलेंडर शेजारी ठेवा.

दुसरं, प्रवास उलटा करायचा. रिसीव्हिंगपासून सुरुवात केली की सगळे पुढच्या स्टेशनला तयार होऊन बसतात. डिस्पॅचच्या पॅलेटवरचा तुम्ही सांगाल तो बॉक्स उघडायला लावा, त्यातला एक पीस हातात घ्यायला लावा आणि त्याच्या लॉट नंबरवरून मागे मागे जा, पोलादाच्या मूळ ओतकामाच्या हीट नंबरपर्यंत.

तिसरं गेजचं. आधी सर्टिफिकेट बघून मग गेज मागवलं तर बरोबर तेच गेज हजर होतं. म्हणून आधी ऑपरेटरच्या हातातलं गेज, त्यावरचा कोरलेला नंबर कॅमेऱ्यासमोर. मग रजिस्टर, मग सर्टिफिकेट. स्टिकरवर विश्वास नको, तो बदलता येतो. ईआरपीमधलं (कंपनीच्या संगणकावरच्या नोंदींमधलं) काहीही असेल तर पीडीएफ नको, त्यांनी तुमच्यासमोर स्क्रीन शेअर करून तिथल्या तिथे काढून दाखवावं.

आणि मोजमाप करताना नुसतं आकडा दाखवा म्हणू नका. शून्य दाखवा म्हणा. व्हर्निअर असो, डायल असो, काहीही असो. आधी शून्य, मग पीस.

---

सिंहगड_रोडचा_सर्व्हर | बुधवार, सकाळी ११.४०

आयटीच्या बाजूने थोडक्यात. गिऱ्हाइकाची ड्रॉइंग्ज भिंतीवर, फिक्श्चरवर, टॅबवर सगळीकडे असतात, आणि बऱ्याच करारांत फोटोबंदी असते. आधी तो करार वाचा. सगळं रेकॉर्ड करून ठेवू नका, ऑडिटला त्याची गरज नसते. पुराव्यासाठी नंबर, तारीख, वेळ लिहून घेतलं की पुरतं. स्वतःच्या व्हॉट्सॲपवर काही नको, कंपनीच्याच ड्राइव्हवर. कामगारांचे चेहरे येणार असतील तर त्यांना आधी सांगा. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाल्यापासून आमच्या एचआरने एक साधी हिंदी-मराठी सूचना बनवली आहे, तशी करून घ्या.

---

निवृत्त_क्यूए | बुधवार, संध्याकाळी ६.१५

@हात_काळे यांचा डोळ्यांचा मुद्दा मला पटतो. त्यावर मी वापरलेला उपाय सांगतो.

ऑपरेटरशी बोलणं आणि प्लांट बघणं हे दोन वेगळे कॉल करा. चालता चालता प्रश्न विचारले की माणूस बिचकतो, मागे साहेबांची सावली दिसत असते. त्याला सुपरवायझरच्या केबिनमध्ये नको, कँटीनमध्ये किंवा ट्रेनिंग रूममध्ये बसवा, पुढ्यात चहा असू द्या, फोन टेबलावर टेकवून ठेवा. पहिली पाच मिनिटं कामाचं काही विचारू नका. गाव कुठलं, किती वर्षं झाली, कुठल्या मशिनवर होता. तुमचाही चेहरा त्याला दिसू द्या, प्लास्टर दाखवा हवं तर. आणि त्याच्या मशिनसमोरची नव्हे, कंट्रोल प्लॅनमधली (कुठल्या टप्प्यावर काय तपासायचं त्या तक्त्यातली) "गडबड झाली तर काय करायचं" ही ओळ विचारा. पाठ केलेलं उत्तर आणि केलेल्या कामाचं उत्तर यातला फरक आवाजावरून कळतो, त्याला पडदा लहान पडत नाही.

एका बैठकीत दोन तासांच्या वर जाऊ नका. प्रत्यक्ष ऑडिटमध्ये आठ तास चालून होतं. पडद्यासमोर तिसऱ्या तासाला आपणच काहीही मान्य करायला लागतो.

---

हात_काळे | बुधवार, रात्री ९.५५

चहाची गोष्ट आवडली काका.

ताई, करणारच असाल तर माझी एक अट पाळा. जे दिसलं नाही ते रिपोर्टमध्ये लिहा. "सर्व प्रक्रिया तपासल्या" हे वाक्य नको. काय हाताला लागलं नाही, कशाचा वास घेता आला नाही, ते स्वच्छ लिहा आणि जाल तेव्हा तिथूनच सुरुवात करा.

---

तुळशीबाग_ते_भोसरी | पुढच्या आठवड्यातला शनिवार, रात्री ११.२०

मंडळी, झालं. रोज दोन तास असे पाच दिवस, शिवाय एक रात्र. लांबलचक लिहितेय, पण तुम्हा सगळ्यांचं यात काही ना काही आहे.

फोन स्टोअरच्या एका मुलीच्या हातात दिला. पहिल्या दिवशी ती लाजत होती, तिसऱ्या दिवशी मी न सांगताच वाकून बिनखाली बघायला लागली. प्लांट हेडना आधीच फोन करून विनंती केली की तुम्ही ओपनिंग आणि क्लोजिंगला या, मध्ये नको. त्यांना ते लागलं असावं, पण पाळलं.

कागद आधी मागवले होते. हार्डनिंगच्या क्वेंच पॉलिमरची, म्हणजे शाफ्ट किती वेगाने थंड होतो ते सांभाळणाऱ्या टँकमधल्या रसायनाच्या प्रमाणाची, रोजची नोंद. कॅलेंडर शेजारी ठेवून बसले. आकडे सगळे ४.२, ४.१, ४.२. एकाच पेनाने, एकाच तिरक्या अक्षरात. आणि होळीच्या सुट्टीच्या दिवशी, प्लांटला कुलूप असताना, तिन्ही पाळ्यांत ४.२.

हे मी ओपनिंगमध्ये बोलले नाही. ज्या मुलाच्या सह्या होत्या त्याच्याशी काकांच्या पद्धतीने कँटीनमध्ये बोलले. बलियाचा आहे, चार वर्षं मशिनवर. वीस मिनिटांनी तो स्वतःहून म्हणाला, "मॅडम, खाली खाना दिखता है तो डाँट पड़ती है, इसलिए महीने के आखिर में भर देते हैं।" त्याला मोजता येत नाही असं अजिबात नाही. रिकामा रकाना दिसला की ओरडा बसतो, चुकीच्या आकड्याला मात्र कुणी काही म्हणत नाही. एनसीत मी त्याचं नाव घातलं नाही, ओरड्याचं घातलं.

मग टँकपाशी. त्याला म्हटलं, रिफ्रॅक्टोमीटर आणा (थेंबावरून पॉलिमरचं प्रमाण मोजायचं साधन). नंबर वाचून घेतला. तो लगेच टँकमधला थेंब टाकायला निघाला, तेवढ्यात @प्रयोगशाळेतली तुमचं वाक्य आठवलं. म्हटलं, आधी शून्य दाखवा, साधं डिस्टिल्ड पाणी. तिथे जवळ पाणीच नव्हतं. लॅबमधून बाटली येईपर्यंत सात मिनिटं आम्ही सगळे गप्प उभे, म्हणजे ते उभे आणि मी पाय उशीवर ठेवून. प्रिझम पुसली, थेंब टाकला, झाकण लावलं. स्टोअरच्या मुलीने फोनचा कॅमेरा नेत्रिकेला चिकटवला. पहिले दोन प्रयत्न नुसता पांढरा उजेड. तिसऱ्यांदा तिने हात मशिनच्या कठड्यावर टेकवून स्थिर केला आणि निळ्या-पांढऱ्याची रेषा दिसली. शून्यावर नाही, दीडवर.

म्हणजे ४.२ वाचलं तरी खरं २.७. त्याला पॉलिमर कंपनीने दिलेल्या गुणकाने गुणलं की टक्केवारी कंट्रोल प्लॅनच्या खालच्या मर्यादेच्याही खाली जाते. पॉलिमर कमी म्हणजे थंड होण्याचा वेग जास्त, आणि वेग जास्त म्हणजे क्रॅकचा धोका. एमपीआयमधलं "मटेरियल" मला तिथेच आठवलं. क्रॅक यामुळेच आले असं मी अजून म्हणत नाही, हीटचे रिपोर्ट आणि क्रॅकचे सेक्शन बघायचे आहेत. पण मोजमापाच्या साधनांबद्दलच्या कलम ७.१.५.२ प्रमाणे आधीच्या सगळ्या मोजमापांचा फेरविचार करावाच लागेल, तशी एनसी टाकली. टँक त्याच दिवशी दुरुस्त केला. तोवरचा माल अडवून ठेवलाय, १०० टक्के एमपीआय चालू आहे.

रात्रीचं सांगते. साडेदहाला पाळी बदलताना कॉल लावला. दुसऱ्या पाळीचा सेटर (मशिनचं सेटिंग लावणारा) दहा पंचवीसलाच बसकडे निघालेला होता, कारण बस दहा पस्तीसला सुटते. तिसऱ्या पाळीच्या माणसाला सेटिंग बदललेलं कळलं ते पहिला पीस चुकल्यावर. यात सेटरचा दोष नाही, बसच्या वेळेचा आहे. ते मी एचआरच्या नावे टाकलं.

@हात_काळे, तुमची अट पाळली. रिपोर्टच्या पहिल्याच पानावर "या ऑडिटमध्ये तपासता न आलेलं" असा भाग आहे: कूलंटची प्रत्यक्ष स्थिती, ग्राइंडिंगच्या दोन मशिनचा आवाज, डिबरिंगचा पृष्ठभाग, मागच्या शेडमधलं स्क्रॅप यार्ड, कारण तिथे नेटवर्क नाही आणि पाठवलेल्या व्हिडिओत अंधार आहे. आमच्या साहेबांनी विचारलं, हे पान हवंच का? मी म्हटलं, हवं.

---

हात_काळे | रविवार, सकाळी ८.०५

मी चुकलो नव्हतो, पण पूर्ण बरोबरही नव्हतो. दीडवरची रेषा मी उभा राहिलो असतो तरी मला दिसली नसती, कारण मी शून्य बघायला सांगितलंच नसतं.

डिबरिंगसाठी एक सुचवतो. सुती हातमोजा घालून पीसवरून हात फिरवायला सांगा, धागा अडकला तर तो कॅमेऱ्यात स्पष्ट दिसतो.

---

प्रयोगशाळेतली | रविवार, सकाळी ९.३०

ताई, खूप बरं वाटलं वाचून. एक काळजी घ्या. टँकमध्ये तेल किंवा क्षार मिसळले असतील तर रिफ्रॅक्टोमीटरचं शून्य बरोबर असूनही तो जास्त आकडा दाखवतो. अधूनमधून व्हिस्कॉसिटीवरून (द्रवाच्या दाटपणावरून) टक्केवारी पडताळून घ्यायला सांगा. पॉलिमर पुरवणारे नमुना घेऊन हे करून देतात.

---

चाकण_शटल | रविवार, सकाळी १०.१५

स्टोअरच्या त्या मुलीला अंतर्गत ऑडिटरच्या ट्रेनिंगला पाठवा. अशी नजर शिकवून येत नाही.

---

तुळशीबाग_ते_भोसरी | रविवार, दुपारी १२.४०

@चाकण_शटल, तिचं नाव कालच पाठवलं, होकार आलाय. ऑडिटर म्हणून बसवण्याआधी आयएटीएफच्या ७.२.३ प्रमाणे तिची पात्रता दाखवावी लागेल, कोअर टूल्सचं (वाहन उद्योगातल्या ठरलेल्या गुणवत्ता पद्धतींचं) ज्ञान धरून. म्हणून आधी दोन ऑडिटं निरीक्षक म्हणून.

@प्रयोगशाळेतली, व्हिस्कॉसिटीचं उद्याच कळवते. @हात_काळे, हातमोजा कुठल्या जाडीचा लागतो तेवढं सांगा, भोसरीतूनच पाठवते. प्लास्टर १२ तारखेला निघतंय. डॉक्टर हो म्हणाले तर महिनाअखेरीस दिल्लीपर्यंत विमान आणि पुढे रेल्वेने रुद्रपूर. पहिल्यांदा स्क्रॅप यार्डात जाणार आहे.

---

हात_काळे | रविवार, दुपारी १.००

पातळ विणीचा, पांढरा, कोटिंग नसलेला. रबराचे ठिपके असलेला नको, त्यात धागा अडकत नाही. बारा जोड पाठवा, लवकर फाटतात.